इंजिनची टकटक

ती. बाबा,

हात ग्रीसने माखलेत, म्हणून लांबूनच नमस्कार.

मी आणि तुमची मोटरसायकल, दोघी मजेत. कापडी बॅगा स्वस्तात मिळाल्या, पण उजवी तापलेल्या सायलेन्सरला टेकली आणि आतल्या तुमच्या स्वेटरला भोक पडलं. आईला सांगू नका.

इथली मेकॅनिकही तुमच्यासारखीच स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावते आणि मूठ कानाला. मलाही ऐकवलं. टकटक! व्हॉल्व्ह सैल होता, तिने नीट केला. म्हणाली, "हा आवाज दोन महिने तरी जुना आहे."

बाबा, महिन्यापूर्वी मी निघताना तुम्ही असाच कान लावून म्हणालात, "लोण्यासारखं चालतंय." तेव्हा टकटक ऐकू आली नाही?

हल्ली फोनवर तुम्ही नुसतं "बरं, बरं" म्हणता. म्हणून पत्र लिहिलं.

तुमची,
धाकटी