बकरीनं कुरतडलेली पाटी

गेल्सबर्ग, ११ जून २०१२

ती. व्हर्नाताईस,
धाकट्या एमेटचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मुरंब्याची बरणी, दोन्ही धडधाकट पोचली. तुला फोनवर ऐकू येत नाही हे माझ्या पथ्यावरच पडलंय. पत्रात निदान मला मध्येच थांबवता येत नाही.

पुढच्या महिन्यात पिओरियाला आमचा नंबर प्लेट जमवणाऱ्यांचा मेळावा आहे. यंदा इलिनॉयमध्ये दर वर्षी बदलत गेलेल्या सगळ्या पाट्या ओळीनं मांडणार आहे. चव्वेचाळीसच्या जागी बाबांच्या ट्रकची पाटी. लढाईत लोखंड मिळेना म्हणून सरकारनं सोयाबीनच्या पुठ्ठ्याच्या पाट्या काढल्या होत्या, आणि आपल्या डचेस बकरीनं मागच्या पाटीचा कोपरा चघळून टाकला होता, आठवतं ना? पुढची धड आहे, तीच मांडतोय. कुरतडलेली मी सत्त्याऐंशी साली अँब्रोज टिकनरला दिली आणि नेब्रास्काची एक घेतली. जोडीतली एक ठेवायची, दुसरी बदलीला काढायची, हा आमचा रिवाजच.

हॅल्डर्सन बाईंनी शिकवलेली पेरणीची कविता काल गाडी पुसताना अख्खी आठवली. एवढं शेवटचं कडवं रुसून बसलंय. तुला येत असलं तर कळव.

लोभ आहेच, तो गंजू देऊ नकोस.

तुझा एमेट


डुलूथ, १८ जून

चि. एमेटास,
ताईचे अ. उ. आ.

कविता राहू दे बाजूला. तू ती पाटी देऊन टाकलीस, आणि पंचवीस वर्षं मला पत्ता लागू दिला नाहीस?

विलर्डदादा लढाईवर निघाला त्या सकाळी मी कुठे होते, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला वाटलं, मी शेजाऱ्यांकडे पळाले. मी मक्याच्या कोठीत होते, कणसांच्या ढिगाआड. तो आपल्याला सोडून चाललाय म्हणून निरोपच द्यायचा नाही, असा नऊ वर्षांच्या पोरीचा हट्ट. फळ्यांच्या फटींतून तो मला दिसत होता. ट्रकला नव्या वर्षाच्या पाट्या लावत होता. मागची लावण्याआधी ती त्यानं गुडघ्यावर पालथी घेतली, पेन्सिलनं काहीतरी लिहिलं आणि मग स्क्रू पिळले. निघताना कोठीकडे वळून हात हलवला, तोही खाली, जमिनीलगत, कोंबड्या हाकलाव्या तसा. मला हाक काही मारली नाही.

छावणीतून आलेल्या पत्रांत त्यानं सगळ्यांची खुशाली विचारली, पण त्या सकाळबद्दल अवाक्षर नाही. नोव्हेंबरात तार आली. पुढे बाबांनी पाटी उतरवली, तेव्हा ती उलटून बघायचा मला धीर झाला नाही. रागावून गेला असेल तर ते वाचायचं कशाला? तुझ्या खोक्यात आहे, या भरवशावर मी इतकी वर्षं काढली. आता सत्त्याहत्तरची झाले, एमेट. जे असेल ते वाचायचंय.

टिकनर म्हणजे तोच ना, हाताला लागेल ती पाटी रंगवून नवी करतो म्हणून तू ज्याच्या नावानं नाक मुरडायचास? जा आणि शोध. सोबत स्वेटर ने, त्या सभागृहांत फार गार करून ठेवतात.

तुझी ताई


पिओरिया, १४ जुलै

ती. व्हर्नाताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: पाटी मिळाली. रंग लागलेला नाही. आता बस खुर्चीत.

टिकनर दोन वर्षांपूर्वी गेला. टेबल आता त्याची मुलगी डेल्फीन मांडते. काल पोचायला मला पाच वाजले, तोवर सगळ्यांनी टेबलांवर चादरी टाकलेल्या. चादर पडली की ती सकाळपर्यंत कुणी उचलायची नाही, हा इथला सगळ्यात कडक नियम. आणि तिच्या चादरीखालून एक कुरतडलेला कोपरा डोकावत होता. मी दोन्ही हात खिशात कोंबून उभा राहिलो. पंचेचाळीस वर्षांत त्या नियमाचा इतका राग कधी आला नव्हता.

आज सकाळी दार उघडताच तिला सगळं सांगितलं. वडिलांनी पाटीला रंग दिला का, ते विचारलं. ती हसली. म्हणाली, बाबांनी दारातली टपालपेटीसुद्धा दोनदा रंगवली, पण हिला कधी हात लावला नाही. ते म्हणायचे, “बकरीच्या सहीवर रंग कोण फासतो?” टिकनरबद्दल मी आयुष्यभर जे जे बोललो, ते सगळं आज परत घेतो.

मागच्या बाजूला आपल्या बाबांच्या शेतातला चिखल तसाच वाळलेला होता. पाटी माझ्याकडे असतानाही तो होताच, पण आम्ही वेडे सगळे पाट्या तोंडाकडूनच बघतो. डेल्फीननंच कोरड्या टूथब्रशनं तो कण कण काढला. आजूबाजूचे लोक आपली टेबलं सोडून आले. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली.

अक्षर दादाचंच, डावीकडे कललेलं. जसंच्या तसं उतरवतो:

“फेब्रुवारी ४४. व्हर्ना कोठीत लपलीय. फळ्यांखालून तिचे लाल बूट दिसतायत. हाक मारली तर ती रडेल, आणि मग माझा पाय निघणार नाही. म्हणून बुटांनाच टाटा करून निघतो. विलर्ड.”

बदलीत काही दिल्याशिवाय टेबलावरून काही उचलायचं नाही, म्हणून डेल्फीननं माझ्याकडची तीच नेब्रास्काची पाटी मागून घेतली. सौदा होता तिथे परत आला. माझ्या मांडणीला बक्षीस मिळालं नाही. कोणाला मिळालं, ते बघायचंही राहून गेलं.

उत्तर लवकर धाड. जीव तिकडे लागलाय.

तुझा एमेट


डुलूथ, १९ जुलै

चि. एमेटास,
अ. उ. आ.

पत्र चार वेळा वाचलं. मग अंगणात जाऊन बसले. शेजारणीला वाटलं काही वाईट बातमी आली, तर तिला सांगितलं, नाही गं बाई, चांगली आहे, फक्त फार उशिरा आलीय.

पाटी घेऊन तूच ये. टपालानं पाठवू नकोस. इथे भिंतीला खिळा ठोकून ठेवलाय, तिथे ती पालथी लावायची. आणि कवितेचं शेवटचं कडवं मला येतं, पण ते तू समोर बसलास की म्हणेन.

ते लाल बूट आईनं जुने, एक माप मोठे घेतले होते, म्हणून त्यांची टोकं फळ्यांखालून बाहेर राहिली असतील. अडुसष्ट वर्षं मी त्या हाताचा विचार करत आले, इतका खाली का हलवला म्हणून. त्या थंडीत कोंबड्या बाहेर होत्याच कुठे, एमेट? सगळ्या खुराड्यात होत्या.

वाट बघणारी,
तुझी ताई