एसी बंद ठेवून नेलेली बाळंतीण

प्रिय आई,

आज शुक्रवार, आणि आज आपल्या हॉलमध्ये पुन्हा बायकांचा वर्ग भरला. तुमच्याशिवाय! सकाळपासून कुणाला सांगू असं झालंय. शिरीषला सांगून पाहिलं, पण तो ‘अरे वा’ म्हणून फोनमध्ये शिरला. तुमचाच मुलगा, काय बोलणार! शेवटी तुम्हालाच लिहायला बसले. तुम्हाला देवाघरी जाऊन वर्ष झालं, तरी काही घडलं की आधी तुम्हाला सांगायची सवय सुटत नाही.

सईच्या वेळी माझ्या बाळंतपणाला तुम्ही इथे दोहात, अबू हमूरला आलात, ते आठवतं? निफाडकडच्या सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नर्सबाई असलेली माझी सासू स्वस्थ बसेल कशी? पंधरा दिवसांत कंपाउंडमधल्या मेक्सिको-कोलंबियाच्या झाडून साऱ्या बायका तुमच्या ओळखीच्या झाल्या. नवरे वर्ल्ड कपच्या स्टेडियमवर इंजिनिअर, दिवसभर साइटवर. घरी या एकट्या. कुणी पोटुशी, कुणी ओली बाळंतीण.

“अगं ज्योती, यांच्यातही बाळंतीण चाळीस दिवस घराबाहेर पडत नाही म्हणे! मग जमलंच की आपलं,” म्हणालात आणि वर्ग सुरू केलात. तुम्ही मराठीत बोलायचात, मी इंग्रजीत सांगायची, आणि कोलंबियाची मारिसोल स्पॅनिशमध्ये. तुमचं एक वाक्य शेवटच्या बाईपर्यंत पोचेतो चहा गार व्हायचा! टॉवेलचं बाळ करून दूध पाजायला शिकवलंत. पाच बोटांवर धोक्याच्या पाच खुणा पाठ करून घेतल्यात. एकेकीला पुढे उभी करून तेच दुसरीला शिकवायला लावलंत.

मी मात्र भाषांतराच्या पुढे गेले नाही. नाशिकला परतताना तुम्ही म्हणालात, “आता वर्ग तू घे.” आणि मी? “आई, मी आयटीतली, मला बाळंतपणातलं काय कळतंय!” किती सहज उडवून लावलं मी! तुम्ही तरी का गप्प बसलात? एरवी भाजीत मीठ कमी पडलं तर सोडत नव्हतात मला. तुम्ही नाशिकला गेलात आणि वर्ग बंद पडला. त्याची रुखरुख लागून राहिली होती.

मग गेल्या सोमवारी मारिसोलचा फोन आला, “ज्योती, कम फास्ट.” मेक्सिकोची पाउला, बाळंत होऊन अकरावा दिवस. धावत गेले तर ती डोकं गच्च धरून बसलेली, डोळ्यांपुढे अंधारी, पाय सुजलेले. नवऱ्याचा फोन लागेना. व्हिडिओ कॉलवर तिकडून तिची आई ओरडतेय, चाळीस दिवस झाले नाहीत, बाहेर नेऊ नका, वारं लागेल! पाउलाही हटून बसलेली. माझी तर मतीच गुंग झाली.

मारिसोलनं शांतपणे आपलं मधलं बोट धरलं, “हे तिसरं बोट, डोकेदुखी आणि अंधारी. आईनं सांगितलंय, थांबायचं नाही.” (तिच्याही तुम्ही आईच!) मग पाउलाच्या आईला म्हणाली, “वारं लागू देणार नाही.” डोक्याला स्कार्फ, कानात कापूस, पायात मोजे, वरून ब्लँकेट. बाळाला शेजारणीपाशी ठेवलं. “यल्ला, चल, गाडी काढ. काचा बंद. एसी पण बंद!”

आई, जूनमधली दोहाची दुपार, आणि एसी बंद! त्यात वर्ल्ड कपसाठी सगळे रस्ते खोदलेले. दवाखान्यात पोचलो तेव्हा आम्ही तिघी अशा निथळत होतो, की दारातली नर्स विचारते, “पेशंट कोण?”

हे तुम्हीच शिकवलं होतंत ना? “रीत मोडायला गेलात तर घरचे दार लावून घेतील. रीत पाळा आणि बाईला गाडीत घाला.”

रक्तदाब भयंकर चढला होता. आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काल पाउला हसतखेळत घरी आली. बाळ तर नुसतं दूध पितंय आणि झोपतंय, लबाड!

म्हणून आज आठजणी आपणहून आल्या. मारिसोल पाउलाची गोष्ट सांगत होती आणि सवयीनं मी कधी तुमच्यासाठी ती मराठीत पुटपुटायला लागले, कळलंच नाही. मराठी समजणारं तिथे कुणीच नव्हतं. भानावर आले आणि रडता रडता हसू फुटलं.

आता तुम्हाला शब्द देते. पुढच्या शुक्रवारचा वर्ग मी घेणार. अडखळेन, मारिसोल सावरून घेईल. आणि एखादी म्हणाली की मला नाही जमणार, तर तिचा हात धरून पुढे उभी करीन. तेव्हा तुम्ही मला सहज सोडलंत, आई. मी कुणाला सोडायची नाही.

तुमची लाडकी आणि थोडी रुसलेली सून,
ज्योती