अकरा महिन्यांचा नियम मी मोडलेला नाही

कात्रप, बदलापूर पूर्व

तीर्थस्वरूप अण्णांस,

धाकट्या हरिचंद्रचा साष्टांग नमस्कार. वहिनींचे गुडघे कसे आहेत? आमच्याकडे सगळे ठणठणीत, आणि सगळे म्हणजे किती, ते पुढे येईलच. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला तुम्ही बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

तुमचा निरोप पोचला. कात्रपची जागा तुमच्या नावावर, कारभार माझा, आणि तो मला झेपत नाही म्हणून तुम्ही जागा एजंटकडे देणार म्हणे! एमआयडीसीत चौतीस वर्षं सुपरवायझर होतो मी, दोनशे माणसं सांभाळली. एक भाडेकरू मला झेपत नाही?

नियम तुमचाच. अकरा महिने झाले की भाडेकरू बाहेर, जागा महिनाभर रिकामी, मगच नवं ॲग्रीमेंट, नाहीतर तो जागा बळकावतो. (वकील म्हणाले, असं काही नसतं. मी म्हटलं, तुम्ही आमच्या अण्णांना ओळखत नाही.) आपला भाडेकरू सुदाम माझ्याच जुन्या कंपनीत शिफ्टला जातो. बायको मनाली तेव्हा सातव्या महिन्यात, सोबत आई द्रौपदीबाई. माणसं गुणी, पण नियम तो नियम. "काका, एका महिन्यापुरतं आम्हाला घर कोण देणार?" असं तो म्हणाला तेव्हा मी सरळ तोंड फिरवलं. पण शेजारी तुमची भावजय उभी होती ना! संजीवनी म्हणाली, "आमच्याकडे या." झालं! टेम्पो भरून कपाट, फ्रिज, शिलाई मशीन, सगळं आमच्या अंबरनाथच्या हॉलमध्ये. कात्रपची जागा मात्र महिनाभर कुलूपबंद ठेवली, हे लिहून ठेवा.

दुसऱ्याच दिवशी द्रौपदीबाईंनी माझी खाट घेतली (कंबर धरते), तिसऱ्या दिवशी टीव्हीचा रिमोट (त्याला काय धरतं, देव जाणे). भाडेकरूंसाठी मी लिहिलेले चौदा नियम त्यांच्या फ्रिजच्या दारावर चिकटवलेले होते, ते फ्रिजसकट घरात आले. दारात चपला पसरू नयेत, सकाळी मोठ्याने खाकरू नये. ते द्रौपदीबाई मलाच वाचून दाखवायच्या आणि संजीवनी मान डोलवायची. तरी महिना काढला. महिना संपल्यावर म्हटलं, चला, निघा आता. तर संजीवनी म्हणाली, "आठव्यात पोरीला कुठेही हलवायचं नाही. बाळंतपण इथेच." अण्णा, मी खाली मान घालून ऐकणारा माणूस नव्हे. उशी उचलली आणि तडक इथे, कात्रपच्या रिकाम्या जागेत आलो.

तर सोसायटीचा सेक्रेटरी मुकेश जिन्यात आडवा! ॲग्रीमेंटशिवाय कोणीही राहायचं नाही, हा ठराव म्हणे मीच मीटिंगमध्ये भांडून पास करून घेतला होता. (घेतला होता. आजही भांडेन.) मग पोलिसांचा फॉर्म भरला. मालक तुम्ही, भाडेकरू मी. ओळखणाऱ्या दोघांची नावं हवी होती, ती सुदाम आणि द्रौपदीबाईंची दिली. हवालदारांनी फोन केला तेव्हा सुदामने माणूस सज्जन आहे म्हणून सांगितलं. द्रौपदीबाई म्हणाल्या, खाकरतो फार.

आता सांगा, माझं कुठे चुकलं? एवढा नियम कुठला एजंट पाळतो, दाखवा मला!

तुमचा, पण कोणापुढे न वाकणारा,
हरिचंद्र

ता. क. सोबत अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आहे. मालकाच्या जागी पेन्सिलने फुली केली आहे, तिथे सही करून लगेच पाठवा. नाहीतर मुकेशने दिलेली मुदत संपते आणि शनिवारी तो मला बाहेर काढतो, आणि घरी मला खाट नाही.

आणखी एक. रोज डबा घेऊन सुदाम येतो. संजीवनी बाळाची दुपटी शिवतेय आणि शिवताना गुणगुणते, असं तो सांगत होता. आमचा सुयोग घर सोडून नोकरीला पुण्याला गेल्यापासून ती गुणगुणली नव्हती. म्हणून तुम्ही तिला काही बोलू नका. मी तर बोलणारच नाही.

आणि शेवटचं. अकरा महिने संपले की नियमाप्रमाणे मला जागा महिनाभर रिकामी करावी लागेल. तो महिना मी तुमच्याकडे येतोय. वहिनींना आत्ताच सांगून ठेवा. उशी माझी मी आणीन, खाट तुमची लागेल.