कडू वेलीचा पहिला नंबर

३ मार्च

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. कुंपणावरच्या त्या कडू वेलीचा पाला उघडला आणि लहानपण घशाशी आलं. तू नाक दाबून काढा पाजायचीस आणि काका मागच्या दाराने पळायचे. प्रयोगशाळेत ओल्या मोज्यांसारखा वास सुटलाय. शेजारच्या टेबलावरची बाई डबा घेऊन जिन्यात जेवली.

पण गंमत ऐक. आम्ही जांभळ्या द्रावणात पाल्याचा अर्क घालतो. अँटिऑक्सिडंट जितकं जास्त, तितका रंग लवकर उडतो. तुझ्या पाल्याने तो बघता बघता पिवळा केला. पन्नास रानपाल्यांत पहिला नंबर! साहेब हरखलेत, त्याची पावडर डब्यांत भरून विकायची म्हणतात.

काकांना नमस्कार. आहे तो लोभ जपून ठेव.

तुझी ठकू


११ मार्च

चि. ठकूस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी तीनदा वाचलं, मग शेजाऱ्यांना वाचून दाखवलं. तीस वर्षं ज्या काढ्याला तोंड वेंगाडलं, तो आता दोन वेळा पेला भरून पितात. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र सोडल्यात. भाचीने पहिला नंबर दिलाय, आता गोळ्या कशाला, असं त्यांचं म्हणणं. सकाळी डोकं धरून बसतात. मी बोलले की तुझं पत्र माझ्या नाकासमोर नाचवतात.

पाला आणखी पाठवू का? मागचा काळा पडू नये म्हणून चार लिंबं पिळून वाळवला होता. तुझ्या ऑफिसात माझ्या हातचं काळवंडलेलं जायला नको.

माया आहेच, पत्र लांबवू नकोस.

मावशी


१५ मार्च

ती. मावशीस, सा. न.

आधी काकांना डॉक्टरांकडे ने, मग पुढचं वाच.

नळीतला रंग उडाला म्हणजे माणसाचा रक्तदाब उतरला असं नाही. हे तेव्हाच लिहायला हवं होतं, पण मिरवायच्या नादात राहून गेलं. माझीच मला शिसारी आलीय.

शिवाय रंग उडवला तो तुझ्या लिंबांनी. आमच्या आवारामागेही ती वेल आहे. तिथला नुसता पाला तपासला, तर नंबर मधलाच. साहेबांना सांगायला गेले, तेव्हा ते चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट संपवून त्यांनी पाची बोटं चाटली आणि म्हणाले, मावशींना सांग, पुढेही लिंबू पिळूनच पाठवा. वर त्याच बोटांनी पावडरच्या डब्यावर छापायचा पहिल्या नंबराचा कागद माझ्यापुढे सरकवला, माझ्या सहीसाठी. तो चिकट कागद तसाच टाकून, खरा आकडा लेखी देऊन आले. नोकरीचं काय होईल ते होवो.

रागव, पण कळव.

ठकू


२३ मार्च

चि. ठकूस, अ. उ. आ.

पत्र मिळताच यांना दवाखान्यात नेलं. दाब भलताच चढला होता. चार दिवस ठेवून घेतलं, आज घरी आणलं. गोळ्या चालू आहेत, पण उजव्या डोळ्याला अंधूक दिसतं. ते निवळेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

तुझं पत्र मीच मोठ्याने वाचलं. बोटं चाटण्यापाशी आले तेव्हा यांनी हाताने थांबवलं, ओकारी येते म्हणाले. थोड्या वेळाने मला बाजारात पिटाळलं.

तुझ्या साहेबांच्या नावे पार्सल टाकलंय. आत नुसती लिंबं आहेत. चिठ्ठी यांनी स्वतः लिहिली. ओळी एकमेकींवर चढल्यात, पण वाचता येतं. डोळा आम्ही दिला, लिंबं सोबत आहेत, पाला तुमचा तुम्ही बघा, एवढंच लिहिलंय.

नोकरी गेली तर सरळ घरी ये. काढा करणार नाही.

तुझी मावशी