मागून येणाऱ्याने सांगावे

३ ऑक्टोबर
सायकल आली. सीट कडक आहे. दुकानदार म्हणाला, काका, आठवड्यात सवय होईल. कोणाला, ते बोलला नाही.
डॉक्टरांनी हिला गुडघ्यासाठी रोज सकाळी तलावाभोवती चालायला सांगितले आहे. मी सोबत करावी अशी हिची इच्छा. करणार. फक्त सायकलवरून. पायी चालणे मला जमत नाही असे नाही, तो वेग मानवत नाही. नोकरीभर बस डेपोत कंट्रोलर होतो. रेंगाळणे बघवत नाही.
मुलीने हिला वर्षभरासाठी तिच्याकडे बोलावले आहे. नातू तान्हा, मुलीची नोकरी नवीन. मलाही बोलावले आहे असे ही म्हणते. निरोप असा: बाबांना यायचं असेल तर येऊ देत. यात बोलावणे किती, ते मला समजते. ही जाणार नाही, हे उघड आहे. महिनाअखेर कळवायचे आहे. ही म्हणाली, घरात टीव्ही चालू असतो, उद्यापासून चालताना बोलू.

४ ऑक्टोबर
पहिला दिवस उत्तम.
तलावाभोवतीची वाट एकच, चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची मिळून. सगळे तिला ट्रॅक म्हणतात. पालिकेने जमिनीवर एक माणूस आणि एक सायकल रंगवली आहे. पहिला मान कोणाचा, ते चित्रावरून कळत नाही. त्यामुळे जो तो आपलाच समजतो.
हिच्या वेगाने सायकल चालवून पाहिली. तोल जातो. म्हणून पुढे जायचे, फेरी पूर्ण करून हिला मागून गाठायचे, असे ठरवले. तीनदा गाठले. पहिल्या दोन वेळा ही काहीतरी बोलू लागली होती. तिसऱ्यांदा नुसती हसली.
बोलणे उद्या.

६ ऑक्टोबर
घंटीवरून प्रकरण. एक टोपीवाले गृहस्थ दचकले आणि अडवून उभे राहिले. म्हणाले, घंटी आहे की शाळा सुटली? मी विचारले, न वाजवता गेलो असतो तर काय म्हणाला असतात? ते म्हणाले, ते तेव्हा म्हटलं असतं. अशा माणसांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. बराच वेळ घातला. तोवर ही फेरी संपवून घरी गेली होती.
संकल्प: घंटी बंद. सुसंस्कृत माणसाला घंटी लागत नाही.

७ ऑक्टोबर
घंटीऐवजी खोकलो. परिणाम चांगला. लोक आपोआप लांब होतात.
हिच्याबरोबर आता एक नर्सबाई चालतात. सरकारी हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या. त्यांनी मला हात दाखवून थांबवले. भाऊ, खोकला कधीपासून आहे? मी म्हटले, हा आजार नाही, शिष्टाचार आहे. त्या हिला म्हणाल्या, ताई, यांचा एक्स-रे काढून घ्या. जे नाही नाही म्हणतात, त्यांच्यातच जास्त निघतं.

९ ऑक्टोबर
एक्स-रे काढला. छाती स्वच्छ. दिवस गेला.
ही म्हणाली होती, निदान एक्स-रेबाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या तरी बोलू, मुलीचा दोनदा फोन येऊन गेला. बोलणार होतो. माझा नंबर आला.

१२ ऑक्टोबर
नवीन पद्धत: 'जरा बाजूला व्हाल का, प्लीज.' वाक्य संपेपर्यंत सायकल माणसापर्यंत पोहोचते. लवकर सुरू करावे तर माणूस थांबतो, मागे वळतो आणि विचारतो, काय म्हणालात? आज त्यामुळे दोनदा उतरलो. तिसऱ्यांदा उतरलो असे म्हणता येणार नाही. झुडूप मऊ होते.
पिवळ्या जाकिटातल्या पोराने उचलले. हा रोज कोणाला काही न सांगता बाणासारखा जातो. म्हणाला, काका, या वयात मस्त चालवता, पण मधोमध नका चालवू. त्याला चार शब्द सुनावायचे होते. तोंडात पाला होता.
घंटी पुन्हा सुरू. मात्र एकदाच, आणि हळू.

१५ ऑक्टोबर
अंग ठणकते. गेलो नाही. नर्सबाई हिला हाक मारायला दारापर्यंत आल्या. मला म्हणाल्या, भाऊ, आराम करा, ताईंना मी सांभाळते. ही परत आली तेव्हा चेहरा मोकळा दिसत होता. चालण्याचा फायदा होऊ लागला आहे.

१८ ऑक्टोबर
मूळ दोष लोकांचा नाही. नियम कुठेच लिहिलेला नाही. डेपोत आम्ही प्रत्येक गोष्ट लिहून लावायचो. कोणी वाचायचे नाही, पण लावायचो.
पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिले: 'मागून येणाऱ्याने सांगावे. पुढच्याने ऐकावे.' ट्रॅकच्या रेलिंगला बांधणार.
हिला दाखवले. हिने दोनदा वाचले. म्हणाली, आणि शेजारी चालणाऱ्याने?
शेजारी चालणे नियमात बसतच नाही. दोघे शेजारी चालले की वाट अडते. तसे समजावून सांगितले. ही उठून भांडी लावायला गेली.

२१ ऑक्टोबर
पुठ्ठ्यावर कोणीतरी ओला नॅपकिन वाळत घातला आहे. 'पुढच्याने ऐकावे' एवढेच दिसते. वॉचमनकडे तक्रार केली. तो म्हणाला, साहेब, नॅपकिन माझाच आहे.
थकवा. लोकांसाठी काही करू नये.

२५ ऑक्टोबर
ही म्हणाली, अहो, उद्या सायकल राहू द्या. नुसते चला माझ्याबरोबर. एकच फेरी. नर्सबाईंनाही येऊ नका म्हणून सांगितलंय.
होकार दिला. एका फेरीत विषय निकालात निघेल. मुलीला काय कळवायचे ते मनात तयार आहे: आईला गुडघ्यामुळे जमणार नाही. प्रेमळ, पण ठाम.

२६ ऑक्टोबर
पायी गेलो. अगदी प्रामाणिकपणे. हवा छान होती. हिने माझ्या कोपराला धरले. म्हणाली, मला जावंसं वाटतं, पण तुम्हाला काय वाटतं ते कळल्याशिवाय...
तेवढ्यात पिवळा जाकीटवाला खांद्याला वारा लावून गेला. ना घंटी, ना आवाज. चालणाऱ्यावर किती अन्याय होतो, ते आज प्रथम कळले. हे सोडून देणे शक्य नव्हते. धावलो. तो पाण्याच्या नळापाशी थांबला होता. त्याला सगळे पहिल्यापासून समजावले. पोरगा ऐकणारा निघाला. सगळे ऐकून म्हणाला, बरोबर आहे काका, चुकलंच माझं. पण काकू तिकडे एकट्या उभ्या आहेत.
वळून पाहिले. उभी नव्हती. निघाली होती.
तरी एक माणूस सुधारला.

३० ऑक्टोबर
हिने मुलीला कळवले. तिकीट काढले आहे. पुढच्या आठवड्यात जाणार.
मी म्हटले, मला न विचारता? ही म्हणाली, अहो, विचारायलाच तर रोज येत होते. गुडघा घरातल्या घरातही चालवता आला असता.
मग जरा वेळ दारात उभी राहिली. मी जाऊ नको म्हणू शकलो असतो. पण ज्याचा निर्णय झाला आहे त्याला अडवणे बरे दिसत नाही. 'बरं' म्हटले. ही आत गेली.

२ नोव्हेंबर
घरभर बॅगा. हिचे कपाट अर्धे झाले. नर्सबाई येऊन वजनकाट्यावर बॅग चढवून गेल्या. मला म्हणाल्या, भाऊ, तुमची बॅग कुठाय? मी हसण्यावारी नेले.
नीट विचार केला. मीही येतो, असे सांगून टाकायचे. दोन शब्द आहेत, अवघड काही नाही. टीव्ही बंद करून सांगणार होतो. बातम्या चालू होत्या.

५ नोव्हेंबर
सांगितले नाही. ही फोनवर होती. नंतर मी झोपलो होतो.

६ नोव्हेंबर
घरात हे बोलणे होणार नाही, ट्रॅकवरच होईल. हिचे पहिल्यापासून म्हणणे तेच होते. उद्या मागून जायचे, सायकलवरून उतरायचे, सांगायचे. तिकिटाचे नंतर बघता येईल. मन हलके झाले. खूप दिवसांनी जेवण गेले.

७ नोव्हेंबर
संध्याकाळी हिचे विमान. तरी सकाळची फेरी चुकवली नाही. मी चाकात हवा भरून मागोमाग निघालो.
वळणापुढे दोघी दिसल्या. ही हातवारे करत काही सांगत होती आणि नर्सबाई हसत होत्या. हिला इतके बोलताना पाहून बरेच दिवस झाले असावेत.
योग्य अंतर ठेवून घंटी वाजवली. एकदाच, हळू. दोघी लगेच एकामागे एक झाल्या आणि कडेला सरकल्या. हिने मागे न पाहता हात हलवला, खुशाल जा म्हणून. बोलणे मध्ये तुटलेसुद्धा नाही. या ट्रॅकवर मला इतके सभ्यपणे आजवर कोणी वागवलेले नाही.
उतरणार होतो. पण वाटेत मध्येच थांबले की मागून येणाऱ्यांची अडचण होते.
मागे तसे कोणी नव्हते.