सात दैचे खत

मी गुंडप्पा वीरप्पा हत्तरगे, वय एकतीस, धंदा शेती व पूर्वी धावणे, राहणार परंडा, आज हा कागद लिहून ठेवतो. छाती गेली आहे, डोके शाबूत आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. दुसऱ्याचे ऐकून माझे काय झाले ते खाली येईलच.

कलम एक. साडेचार एकर जमीन व घरातील माझा निम्मा हिस्सा पत्नी नागम्मा हिला. तिने मला धावताना कधी पाहिले नाही, बायकांनी मैदानावर जायची आमच्यात रीत नव्हती. खोकताना मात्र रोज पाहिले.

कलम दोन. कोलंबोच्या शंभर यार्डांचे रुप्याचे पदकही तिलाच. किल्ल्याच्या खंदकाकाठी अनवाणी पळणारा मी रियासतीत पहिला आलो, कोलंबोत दुसरा, रंगूनला पहिला. रंगूनला मिळालेला चांदीचा पेला घरी येऊन महिना झाला नाही तो मोडीत गेला. थोरले बंधू माणिकप्पा, म्हणजे अण्णा, यांना बैल घ्यायचा होता. पदक मोडायचे झाले तर नागम्माने तिच्या हाताने मोडावे.

कलम तीन. खिळ्यांचे बूट चाँदपाशा टपालवाले यांना. जोडे देतो म्हणून त्यांनी राग मानू नये. ते माझ्या डोक्यात घालण्यासाठी आहेत. कारण असे.

सन १९४७ च्या दसऱ्याला हैदराबादहून खत आले. लंडनच्या ऑलिंपिक शर्यतीसाठी धावपटू निवडायचे होते. खत उर्दूत होते. मी दोन इयत्ता शिकलेला, उर्दू अण्णांना येई. निजामाच्या दफ्तरात फसली महिने चालत, आधी दै, मग बहमन. अण्णांनी वाचले, "सात बहमन. लई वेळ हाय गुंड्या, कोळपणी उरकून जा." खत जपून ठेवतो म्हणून त्यांनी आपल्या ट्रंकेत टाकले.

सहा बहमनला मी हैदराबादेत पोचलो. मैदानावर एकटा माळी पाणी मारत होता. म्हणाला, "दौड तर मागल्या महिन्यातच झाली की!" त्या रिकाम्या मैदानावर मी एकदा धावून घेतले आणि परत आलो.

अण्णा म्हणाले, "तारीख बदलल्याचं दुसरं खत आलं असंल. टपालवाल्यानं दाबलं." मी भर बाजारात चाँदपाशांची पिशवी धुळीत फेकली, त्यांना हरामखोर म्हणालो. ते शपथा घेत होते. मी ऐकले नाही.

यंदा दिवाळीला घर सारवताना नागम्माला अण्णांच्या ट्रंकेत ते खत सापडले. ते घेऊन मी उर्दू येणाऱ्या चाँदपाशांकडे गेलो. "दोन साल तोंड न्हाय दावलंस, अन् आता खत वाचून घ्यायला आलास व्हय?" असे म्हणून त्यांनी चष्मा लावला. खत दोनदा वाचले. शेवटी म्हणाले, "गुंडप्पा, यात बहमन कुठंच न्हाय. सात दै लिवलंय."

अण्णांना विचारले. खाली मान घालून म्हणाले, "गावात मला माणिकप्पा कुणी म्हणंना. पळणाऱ्याचा भाऊ, एवढंच. लंडनला गेला असतास तर तेवढंबी उरलं नसतं."

अण्णा, तुम्ही मागितले असते तर मी धावणे सोडले असते. याचाच संताप होतो.

कलम चार. अण्णांना माझ्याकडून काहीही नाही. ज्याला कागदातून काही मिळते तो साक्षीदार चालत नाही, असे वकील म्हणाले, म्हणून अण्णांनाच साक्षीला बसवले आहे. खत या कागदाला टाचले आहे. आजवर त्यांनी वाचले आणि मी ऐकले. आज मी लिहिले आहे. त्यांनी ते सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, खरे असेल तर सही करावी, खोटे असेल तर उठून जावे.

मुक्काम परंडा, तारीख ११ डिसेंबर १९४९.

लिहून ठेवणार: गुंडप्पा वीरप्पा हत्तरगे

साक्षीदार:

१. चाँदपाशा, टपालवाले. बूट घेणार नाही, म्हणून साक्ष घालतो. माफ केले.

२. माणिकप्पा वीरप्पा हत्तरगे. मोठ्याने वाचले. दै होते.