चपला न काढता

प्रिय धाकट्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा "सगळं ठीक आहे" म्हणून ठेवून दिला, कारण बोलायचं त्राणच नव्हतं. रविवारी आईला बाबांच्या लाल गाडीतून फिरवून आणलं. हो, तीच दोन सीटची, उघड्या टपाची, आपल्या दोघांहून म्हातारी स्पोर्ट्स कार.

बाबांचा नियम आठवतोय ना? गाडीत बसायचं तर चपला बाहेर. शेजारचे डॉक्टर, घरमालक, सगळे मुकाट अनवाणी बसायचे. एकटी आई अडून बसली. पत्र्याच्या डब्यासाठी मी चपला काढणार नाही, म्हणाली. बाबाही हट्टाला पेटले. संसार सुखाचा झाला, पण त्या गाडीत ती कधी बसली नाही. बाबा गेल्यावरही नाही.

माझं म्हणशील तर पार पिट्ट्या पडलाय. दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहायचं, घरी येऊन आईला उचलायचं, न्हाऊ घालायचं, रात्री कूस बदलायची. गेल्या आठवड्यात तिला उचलताना माझी पाठ धरली आणि आम्ही दोघी फरशीवर बसलो. ती हसली, मीही हसले, मग मला रडूच आवरेना. रविवारी सकाळी ती म्हणाली, गाडी काढ.

गाडी सुरू करून द्यायला बोलावलेल्या मेकॅनिककाकांनी तिला अलगद सीटवर बसवलं. पायात नव्या सँडल, थाट बघण्यासारखा. गिअर बदलताना गाडी खाकरली की म्हणायची, तुझे बाबा चिडले बघ. केसांचं पार घरटं झालं, तरी हात लावला नाही. पाठ ठणकत होती, तरी मला खूप दिवसांनी बरं वाटलं. मग ती वळणं सांगू लागली. मला वाटलं, बाबांच्या जुन्या गॅरेजकडे निघालोय. थांबलो ते वृद्धाश्रमाच्या फाटकाशी. तिने फोनवरून सगळं आधीच ठरवलं होतं. तिथली बाई व्हीलचेअर घेऊन उभीच होती.

धाकट्या, ती आता तिथेच आहे. मी भांडले, हात जोडले, ऐकेल तर शपथ. तुला कळवायचं नाही असं बजावलंय. म्हणाली, "तो धावत येईल आणि चार दिवसांनी जाईल. तो असण्याची सवय लावून घेऊन ती पुन्हा मोडायला मला जमणार नाही." तरी मी कळवतेय. काल कित्येक महिन्यांनी रात्रभर सलग झोपले, आणि उठल्यावर स्वतःचाच राग आला. एकटीने तिला घरी आणायची ताकद माझ्यात उरलेली नाही रे. येणार असशील तर राहायला ये. चार दिवसांसाठी येणार असशील, तर येऊ नकोस.

तुझीच,
दमलेली ताई